भिंतीपल्याडची हाक

बारामतीत हाडांच्या दवाखान्यात नंबराची वाट बघत बसलेल्या अंजलीच्या पुढंच दोघी जावा समोरासमोर आल्या. थोरलीचा प्लास्टरचा हात गळ्यात होता, धाकटी गुडघा दाखवायला आली होती.

"वाटणी झाल्यावर अंगणात दोन पुरुष उंच भिंत घातली, तरी माझ्या घरातलं बोलणं गावभर करतीस! कान लावून बसतीस व्हय गं इमल?"

"मी कशाला कान लावू आक्का? आवाजच भिंतीवरनं वळून येतो."

"आवाजाला काय पाय फुटलेत?"

"आमच्या श्रेयाच्या पुस्तकात लिवलंय. आवाज पाण्यावरच्या लाटंवानी पसरतो. त्याची लाट लांब, म्हणून ती भिंतीच्या कडंवरनं खाली वळती. उजेडाची लाट लई बारीक, ती तशी वळत न्हाय. म्हणून तुमी दिसत न्हाय, पण ऐकू सगळं येतं."

"सगळं?"

"सगळं! शास्त्रच हाय ते."

सातवीला विज्ञान शिकवणाऱ्या अंजलीनं नकळत मान डोलावली.

"मग सोमवारी मी न्हाणीत पडले, हात मोडला, 'इमल, इमल' म्हणून घसा फुटंस्तोवर वरडले, तवा कुठं गेली व्हती गं तुझी लाट?"