निळं कापड, करडं कापड

सून : बाबा, टेप गळ्यात घालून नुसते काय बसलात? घ्या ना माप! निळ्या शाळेत नंबर लागलाय पोरीचा.

आजोबा : शेवटचा नंबर.

सून : लागला ना पण! गाडीचा शेवटचा डबाही मुक्कामाला पोचतोच.

आजोबा : पोचतो. वाटेत सोडून दिला नाही, तर.

सून : आडून बोलू नका. त्यांच्या फलकावर यंदाची एकतीस नावं आहेत, सगळी नामांकित कॉलेजांत गेलेली. करड्या शाळेची किती? नऊ!

नात : मी मोजली तेव्हा दहा होती. दहावं मुख्याध्यापकांचं निघालं.

आजोबा : सूनबाई, दोन्ही शाळांचे गणवेश बावीस वर्षं मी शिवतोय. निळ्या शाळेची आठवीला दोनशे मापं घेतो. बारावीला त्यातली शंभरही उरत नाहीत.

सून : बाकीची कुठं जातात?

आजोबा : पोर कच्चं वाटलं, की दहावीआधी आईबापांना बोलावतात. "याला दुसरीकडे बरं पडेल." मग तीच आई शर्ट घेऊन इथं येते. खिशावरचं चिन्ह उसवून द्या म्हणते.

सून : अगंबाई!

आजोबा : आणि अकरावीला नवी मापं येतात. बाहेरून आणलेली हुशार पोरं. एकतिसातली चौदा तीच. आयत्या बिळावर नागोबा!

सून : म्हणजे शिकवत नाहीत?

आजोबा : शिकवतात की, चांगलं शिकवतात. पण आधी निवडून घेतात आणि मग निवडून काढतात. करड्या शाळेत आठवीला साठ, बारावीला एकोणसाठ.

नात : एक कुठं गेला?

आजोबा : बापाची बदली झाली गं.

सून : तरी नऊच, बाबा.

आजोबा : त्या नवातली एक आठवीत गणितात सपशेल नापास होती. तिच्या बाई रोज शाळा सुटल्यावर तिला घेऊन बसायच्या. इतक्या बसल्या, की माझ्याकडून खुर्चीला उशी शिवून घेतली!

नात : थांबा हं. एकतिसातून चौदा गेले, राहिले सतरा. दोनशेत सतरा म्हणजे साठात... जेमतेम पाच. आणि करड्या शाळेत नऊ!

सून : आणि म्हणते, मला गणित येत नाही!

नात : परीक्षेत नाही येत. इथं कुणी घड्याळ घेऊन उभं नाही ना.

सून : पण बाबा, शेजारीण काय म्हणेल? लागलेला नंबर सोडला म्हणून?

आजोबा : सांग, सासरा हेकट आहे.

सून : ते तिला ठाऊक आहे.

नात : आई, मला नाही हं यायचं इथं चिन्ह उसवायला.

(सून निळं कापड बाजूला सारते.)

सून : बाबा... त्या करड्या ताग्यातलं कापड आटत नाही ना?

आजोबा : भिजवूनच बेततो मी. ये गं, हात वर कर.

नात : आजोबा, गुदगुल्या होतात!

सून : नीट उभी राहा. बारावीपर्यंत हेच घालायचंय.