झाकण रोज उघडत होतं

मुलगी : गोळ्या बुटात, बाबा? बुटात?

बाबा : उजव्या. तो पाय बँडेजात, बूट बिनकामाचा. डाव्यात ठेवल्या असत्या तर टोचल्या नसत्या का?

मुलगी : विनोद नकोय मला.

आई : ऊन द्यावं म्हणून झटकला, तर खडखडखड. मला वाटलं डांबरगोळ्या.

मुलगी : अँटिबायोटिक आहे ते, आई. उद्या सकाळी जो अंगठा कापणार आहेत ना, त्याच्या जखमेचं.

बाबा : ओरडू नकोस. अंगठा माझा आहे.

मुलगी : आणि शब्द माझा होता! काल सर्जन पुन्हापुन्हा विचारत होते, "घेतात ना नक्की?" मी छाती पुढे काढून सांगितलं, डॉक्टर, लोक औषधं पूर्ण घेतात की मध्येच सोडतात, यावरच माझं संशोधन आहे. बाबांची बाटली रोज सकाळी उघडते, माझ्याकडे नोंद आहे. ते म्हणाले, रोज घेऊनही जखम चिघळतेय म्हणजे जंतू दाद देत नाहीत. हाडात शिरायच्या आत अंगठा काढू.

बाबा : बघ. माझ्यावर कुठे विश्वास ठेवलास? झाकणावर ठेवलास. आणि ते झाकण काय सांगून बसवलंस? "दमट हवेत गोळ्या मऊ पडतात, बाबा, हे घट्ट बसतं." दवाखान्याच्या बाकावर शेजारची बाई मला सांगते, अहो, आत चिप असते, उघडलं की तुमच्या मुलीच्या कॉम्प्युटरवर ठिपका पडतो! परकी बाई. चारचौघांत.

मुलगी : आधी सांगितलं असतं तर नुसतंच उघडून ठेवलं असतंत.

बाबा : म्हणजे मी लबाड, हे आधीच ठरलेलं.

मुलगी : नव्हतं. आता ठरलं.

आई : अगं, बापाशी बोलतेयस.

मुलगी : मग घेत का नव्हतात?

बाबा : पोटात आग पडायची. पाण्याचीसुद्धा चव जायची. तुला सांगितलं, तर तू म्हणालीस, "सगळ्यांना होतं." पोट बरं असलं की घ्यायचो.

मुलगी : म्हणजे अधूनमधून? त्यापेक्षा एकही घेतली नसती तर परवडलं असतं! अर्धवट मारलेले जंतू निर्ढावतात, बाबा. मग हेच औषध त्यांना पाण्यासारखं. दिवसभर हेच तर मी लोकांच्या कानीकपाळी ओरडत असते.

बाबा : लोकांच्या.

मुलगी : पण एक कळत नाही. घ्यायची नव्हती, तर बाटली रोज वेळेवर कशाला उघडलीत?

बाबा : मी नाही उघडली.

मुलगी : आई, तू?

आई : झाकण उघडलं नाही की तुझ्या ऑफिसातून फोन, गोळी घेतली का म्हणून. मग तुझा फोन. मग हे चिडणार, दिवसभर घर धुमसणार. त्यापेक्षा मीच उघडायचे. गोळी यांच्या हातावर ठेवायचे आणि स्वयंपाकघरात निघून जायचे.

मुलगी : पुढचं बघायची नाहीस?

आई : नाही.

मुलगी : आणि बूट? आज पहिल्यांदा झटकलास?

आई : तुझ्यासमोर पहिल्यांदा.

बाबा : म्हणजे तुला माहीत होतं?

आई : बोलले असते तर तुम्ही माझ्याशी बोलणं टाकलं असतंत. काल अंगठ्याचं कळलं. मग आज बूट काढला उन्हात.

बाबा : आणि वर डांबरगोळ्या म्हणालीस.

(मुलगी फोन लावते. पलीकडचं ऐकू येत नाही.)

मुलगी : डॉक्टर, उद्याचं ऑपरेशन थांबवता येईल का?

फोन : …

मुलगी : माझी नोंद खोटी आहे.

फोन : …

मुलगी : नाही, यंत्र ठीक आहे. बाटली उघडत होती, गोळी पोटात जात नव्हती.

फोन : …

मुलगी : हो, बाकीच्या पेशंटचंही सगळं पुन्हा तपासावं लागेल. ते माझं मी बघते. आधी अंगठ्याचं बोला ना.

फोन : …

मुलगी : ताप नाही. हो. मीच बसेन समोर.

आई : काय म्हणाले?

मुलगी : उद्या कापणार नाहीत. जखमेतला पू तपासायला देऊ म्हणाले, या गोळीनं जंतू अजून मरतात का ते बघायला. तोवर गोळ्या चालू, प्रत्येक गोळी माझ्यासमोर. पोटासाठी वेगळं औषध देतायत.

बाबा : म्हणजे वाचेल?

मुलगी : माहीत नाही.

बाबा : आण. पाणी आण.

आई : बरोबर काही खा हो, रिकाम्या पोटी नको.

बाबा : झालं. घेतली.

मुलगी : तोंड उघडा.

बाबा : अगं, घेतली म्हटलं ना.

मुलगी : जीभ वर करा, बाबा.