भागाबाईचे दोन दात

धुळ्यातल्या दातांच्या दवाखान्यात रहिमाबी सुजलेला गाल धरून बसली होती. तिला बोलवत नव्हतं, त्यामुळे कान तेवढे समोरच्या बाकाकडे होते. तिथे सोनगीरच्या भागाबाई नातीला मांडीवर घेऊन शेजारच्या बाईशी बोलत होत्या.

"अक्का, एवढ्याशा पोरीचे दात काळे कशाने पडले?"

"मनी मिसरीनी डबी वं माय! मी रोज घासस, तर हाई बी लपीछपी घासे."

"अगंबाई, ती तर तंबाखूच!"

"तेच डॉक्टरनी सांगं. मंग हिले ब्रश आना, तर हाई म्हने, आजी, पहिले तू घास."

"मग?"

"डबी उकिरडावर फेकी दिनी. चाळीस वरीसनी सवय शे, आठ रोजथीन डोकं ठणकस. पन आते दोन्ही जनी सकाय-रात ब्रश करतस."

"तुमचे दात किती उरलेत?"

"दोन."

"मग कितीसा वेळ लागतो!"

"हाई समोर उभी राहीसन पन्नास मोजस. तोपावत ब्रश काढू देस नही."

दाताचा ठणका कमी व्हावा म्हणून रहिमाबीने पिशवीतून मिसरीची डबी काढली होती. पोरगी टक लावून बघत होती. रहिमाबीने डबी न उघडताच परत ठेवली.