रॅम वाढवण्याआधी

...वाढवा काय, वाढवा? न बघताच? आता तुम्हाला सांगतो, मी अनुवाद करतो, घरी बसून, दोनशे पानांचं पुस्तक, शुक्रवारी द्यायचं, आणि संपादकबाईंनी फोनवर बजावलेलं, "या वेळी शुक्रवार चुकला तर पुस्तक दुसऱ्याकडे जाईल हं!" आणि इकडे हा कॉम्प्युटर! एक अक्षर दाबावं, उठून चहा टाकावा, गाळावा, तेव्हा कुठे ते पडद्यावर उमटणार... तेही उमटलं तर!

मेव्हणा आला, चप्पलसुद्धा न काढता दारातूनच, "भाऊजी, रॅम वाढवा!" दुकानदार फोनवर, "अहो साहेब, डिस्क बदलून देतो, विमान होईल विमान!" शेजारचे काका, ज्यांना स्वतःच्या टीव्हीचा आवाज कमी करता येत नाही, ते म्हणतात, "मी तर म्हणतो, अख्खाच नवा घ्या." अहो घेईन, सगळं घेईन, पण आत नेमकं चाललंय काय? ते कुणी बघायचं?

बरं, मी तरी कुठे बघितलं! निघालोच होतो दुकानात, तर बायकोनं अडवलं. बायको नर्स. "पेशंट आला की आम्ही आधी ताप बघतो. तुम्ही थेट ऑपरेशनलाच निघालात?" बसली खुर्चीत, तीन बटणं एकदम दाबली आणि उघडली की यादी! कोण चालू आहे, कोण किती खातंय... सगळ्यांची कुंडली! मी तर डोळे फाडून बघतोय. रॅम? अर्धी रिकामी! डिस्क? ठणठणीत! प्रोसेसर मात्र शंभर टक्के, नुसता धापा टाकतोय. अगं, पण आत नेमकं चाललंय काय?

तर ऐका. मेव्हण्यानं मागं कधीतरी टाकलेलं, कॉम्प्युटरचा वेग वाढवणारं सॉफ्टवेअर. दुकानदारानं टाकलेलं, तेही वेग वाढवणारं. काकांनी सुचवलेलं, तेही तेच. आणि दोन मी! स्वतःच्या हातानं! पाच जण दिवसभर वेगच वाढवत होते हो! एकानं फाइल तपासली की दुसरा त्याला तपासणार, तिसरा दोघांना... आणि माझं अक्षर बिचारं रांगेत उभं! लाज वाटली, खोटं कशाला बोलू.

पाचही काढली. आणि काय पळायला लागलं म्हणता!

पण त्या यादीचं मला वेडच लागलं. सकाळी उठलो की यादी, जेवलो की यादी, हा कोण, तो का जागा, आत नेमकं चाललंय काय... असं करता करता गुरुवार उजाडला, आणि बघतो तर प्रोसेसर दोन टक्के!

"अगं, दोनच टक्के! अडकलं की काय?"

ड्यूटीला निघाली होती, वाकून बघितलं तिनं. "अडकलं नाही. रिकामं बसलंय. वाट बघतंय."

"कुणाची?"

"तुमची."

पुस्तक अजून चौदाव्या पानावर... आता सांगा, मी कुठल्या दुकानात जाऊ?