दोन घरांचा एकच कंप्युटर

(शुक्रवार, दुपार. ओमानमध्ये सीबला पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट. चंद्रहास पुण्याहून मुलाकडे राहायला आलेले. तळमजल्यावरची खुदेजा त्यांच्याशेजारी उभी. तिच्या फोनच्या स्पीकरवर सोहारच्या कारखान्यातून कृष्णकांत.)

कृष्णकांत : बाबा, नीट सांगा. तो कंप्युटर आपोआप बंद पडला, की तुम्ही बंद केलात?

चंद्रहास : मी... भिंतीवरचं बटण बंद केलं, फिरायला जाताना. समोर कोणी बसलेलं नव्हतं रे. उगाच घुंघुं करत होता.

कृष्णकांत : अहो, त्याच्यासमोर कोणी बसायचंच नसतं! बाहेरची लाइन त्या कंप्युटरमध्ये येते, त्याच्यातून आपल्याला आणि खाली शरीफभाईंना जाते. तो बंद म्हणजे दोन्ही घरांचं इंटरनेट बंद. आल्या दिवशीच सांगितलं होतं.

चंद्रहास : सांगितलं असशील. जन्माची सवय आहे, हात जातो बटणावर. ओरडू नकोस. खुदेजा इथेच उभी आहे.

कृष्णकांत : सॉरी, भाभी. काही अर्जंट होतं का?

खुदेजा : भाई, माजी अम्मी गेली.

कृष्णकांत : अरे देवा. कधी?

खुदेजा : सकाळी, रत्नागिरीला. जुम्म्याची नमाज झाली की उचलतील. आता निघून मी काय पोचत नाय. भाऊ, यूनुस, बोलला, व्हिडिओवर तोंड बगून घे. मामू मय्यतचा फोटो काढू देत नाय, बोलतात आपल्यात नाय चालत. रडून रडून नुसता बगायला कबूल केला मी त्यांना. आणि बगते तर नेट नाय.

कृष्णकांत : मोबाईलवरून होत नाही का?

खुदेजा : त्यातला संपला. घरात वायर हाय म्हणून भरलाच नाय. जुम्म्याला दुकानं बंद. शरीफ मशिदीत, त्यांचा फोन पण बंद.

कृष्णकांत : थांबा, मी इथून टाकतो रिचार्ज. बाबा, तोवर ते बटण चालू करा. मग खालच्या डब्याचं गोल बटण दाबा.

चंद्रहास : केलं. दाबलं. आला, आला! काळा पडदा, पांढरी इंग्रजी अक्षरं. डिस्क तपासतोय म्हणे. अकरा टक्के.

कृष्णकांत : झालं! एकदम वीज तोडलीत ना, आता तो स्वतःला तपासत बसणार.

चंद्रहास : मग परत बंद करून लावू का?

कृष्णकांत : नका! हात लावू नका, बाबा. मध्येच तोडलं तर मशीन कायमचं जाईल.

चंद्रहास : मग मी करू काय?

कृष्णकांत : काही नाही. बघत बसा.

चंद्रहास : भिंतीतली वायर काढून थेट हिच्या घरी नाही लावता येणार?

कृष्णकांत : ती लाइन फक्त ह्याच कंप्युटरला ओळखते. मीच केलंय तसं. फार शहाणपणा केला.

खुदेजा : भाई, रिचार्ज नाय आला.

कृष्णकांत : नुसतं फिरतंय, भाभी. थोड्या वेळाने प्रयत्न करा म्हणतंय. पुन्हा टाकतोय. यूनुसला सांगा ना जरा थांबायला.

खुदेजा : सांगितला. मौलाना बोलले, लोकं जमली, मय्यतला ताटकळत नाय ठेवायचा.

चंद्रहास : तू बस गं खुर्चीवर.

खुदेजा : नको काका. बसली तर मना उठवायचा नाय.

चंद्रहास : आजारी होत्या का?

खुदेजा : नाय ओ. काल तर बोलली माज्याशी. रोज बोलायची. पण फोन कधी सरळ धरायची नाय. मना नुसता कपाळ दिसायचा आणि वरचा पंखा. मी ओरडायची, अम्मी, खाली धर, खाली धर. ती बोलायची, माजा तोंड काय बगतेस, तू जेवलीस काय ता सांग. आज सगळा तोंड दिसला असता, काका.

चंद्रहास : अठ्ठावीस! कृष्णा, सरकतोय. एकतीस!

कृष्णकांत : सरकू दे. शंभर झाले की आपोआप सुरू होईल.

खुदेजा : या अल्ला.

चंद्रहास : थांबला. एकतीसवरच अडकला. चल की रे. अरे, चल ना बाबा. एवढी एक वेळ लाज राख माझी.

कृष्णकांत : बाबा, त्याला बोलून काही उपयोग नाही.

चंद्रहास : ठाऊक आहे मला! दुसरं काय येतं मला इथे? ना गाडी येते, ना ह्यांची भाषा येते. बटणं बंद करता येतात तेवढी!

खुदेजा : भाऊचा फोन येतो मधी. भाई, जरा धरा. — हां, यूनुस... नाय रे, अजून नाय... काका बसलेत समोर, होत नाय तर ते काय करतील... नको. नको थांबवू कोणाला. तू जा. खांदा दे. माज्या वाटची माती पण तूच घाल. हां. जा.

चंद्रहास : काय म्हणाला?

खुदेजा : उचलली.

कृष्णकांत : हॅलो? बाबा? भाभी, तिसऱ्यांदा टाकतोय रिचार्ज...

चंद्रहास : राहू दे, कृष्णा. नेलं त्यांना.

कृष्णकांत : भाभी, माफ करा.

चंद्रहास : खुदेजा, हे माझ्यामुळे झालं. बोल मला काहीतरी. शिव्या दे, पण बोल.

खुदेजा : काय बोलू, काका? तुमी काय जाणून केलात?

चंद्रहास : जाणून नाही केलं. पण केलं मीच ना.

कृष्णकांत : बाबा, काय दिसतंय आता?

चंद्रहास : सगळं आलंय. चित्र आलंय, घड्याळ आलंय. वायरीपाशी हिरवा दिवा लुकलुकतोय मेला.

कृष्णकांत : म्हणजे झालं सुरू.

चंद्रहास : झालं. — खुदेजा, एकटी जाऊ नकोस खाली. बस इथे. मी चहा टाकतो.

खुदेजा : नको काका, जाते. बाप्ये सगळे कब्रस्तानात गेले, आता घरात बायकाच हायत. त्या करतील व्हिडिओ. त्यांच्यासोबत रडते जरा. तेवढा बटण चालू ऱ्हावू द्या.