सहा इंच

(वायोमिंगमधलं एक गाव, ऑगस्टअखेर. बंदुका दुरुस्त करणाऱ्या ओरिनची शेड. व्हर्न आणि त्याची मुलगी कॉर्डी रायफल घेऊन आले आहेत.)

ओरिन : ही कुणी कापली?

व्हर्न : ते जाऊ दे. नवीन नळी बसवून दे, पहिल्यासारखी लांब.

ओरिन : जाऊ दे कसं? सव्वीस इंचाची नळी मी माझ्या हातानं बसवली होती. आता वीस आहे. सहा इंच काय उंदरानं खाल्ले?

व्हर्न : बंदुकांच्या बाजारात एक जण भेटला होता, त्यानं कापली. काम स्वच्छ केलंय, बघ.

ओरिन : काम स्वच्छ आहे, ते दिसतंय मला. माझ्याकडे का नाही आलास?

व्हर्न : तू नाही म्हणाला असतास.

ओरिन : म्हणालोच असतो.

व्हर्न : म्हणून नाही आलो. खोगिराच्या म्यानातून एवढी लांब नळी बाहेर यायची. पाईनच्या रानात शिरलं की प्रत्येक फांदीत अडकायची. घोडा बुजायचा.

कॉर्डी : बाबा, तुमचं होईपर्यंत मी गाडीत बसते.

व्हर्न : बस इथंच. माझा गुडघा दुखतोय, उठायला लागलो तर कोण हात देणार?

कॉर्डी : ओरिनकाका देतील. मला बंदुकांचं काही ऐकायचं नाहीये, तुम्हाला माहीत आहे.

ओरिन : कॉफी घे ग. दालचिनीचा रोल आहे, आमच्या रूथनं सकाळी केलाय. व्हर्न, मला एक सांग, ही नळी कापलीस कधी?

व्हर्न : गेल्या वर्षी वसंतात.

ओरिन : आणि दुर्बीण तीच?

व्हर्न : तीच.

ओरिन : वरची, अंतराप्रमाणे नेम उचलायची चकतीही तीच. हे शेकड्यांचे आकडे मी खोदलेत, तीनशे यार्डांना तीन, मग चार, पाच, सहा. माझंच अक्षर आहे. तू नळी कापलीस आणि चकती तशीच ठेवलीस?

व्हर्न : शिकारीत मी त्या चकतीला कधी हात लावलाय? मी जवळ जाऊन मारतो. दीडशे, फार तर दोनशे यार्ड. ते फिरवाफिरवीचं आपलं काम नाही.

ओरिन : मग ही चकती मी खोदली कुणासाठी?

कॉर्डी : माझ्यासाठी.

ओरिन : हो, तुझ्यासाठीच. मला वाटलं तू आता तुझी वेगळी बंदूक घेतलीस.

कॉर्डी : घेणार होते. गेल्या शरदात बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून हीच घेऊन गेले. आता कुठलीच नको.

ओरिन : का ग?

व्हर्न : सांग त्याला.

कॉर्डी : काय सांगायचंय त्यात? पलीकडच्या उतारावर एक नर एल्क उभा होता. फांदीदार शिंगांचा, मोठा. अंतर मोजलं, सहाशे यार्ड. वारा नव्हता. चकती सहावर फिरवली, पिशवीवर बंदूक टेकवली, श्वास सोडला आणि दाबलं. गोळी खाली लागली. पुढच्या पायात, अगदी छातीच्या कडेला. तो तसाच लंगडत झाडीत गेला.

ओरिन : मग?

कॉर्डी : मग काय, रक्तावरून दोन दिवस फिरले. दुसऱ्या दिवशी बर्फ पडला आणि माग गेला. एकाच एल्कचा परवाना असतो, तो मी फाडला आणि घरी आले.

ओरिन : एल्क न मिळताच फाडलास?

कॉर्डी : आमच्या घरचा नियम आहे, काका. रक्त काढलं की तो एल्क आपला, सापडो न सापडो. बाबांनीच शिकवलाय.

व्हर्न : ओरिन, आता तिला चकतीचं सांग.

ओरिन : तू म्हणूनच... बरं. कॉर्डी, हे बघ. नळी लांब असली की दारूचा जोर गोळीला जास्त वेळ ढकलतो. सहा इंच कापले की गोळीचा वेग कमी होतो. शंभर यार्डांवर तुला काही कळणार नाही, दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एकाच भोकात जातील.

कॉर्डी : जायच्या आधी मी शंभरावर मारून बघितलं होतं. बरोबर बसत होती.

ओरिन : बसणारच. फरक पडतो तो लांब. सहाशेवर ही बंदूक वीतभर खाली मारते. चकती मात्र सव्वीस इंचाचा हिशोब सांगत होती.

कॉर्डी : वीतभर.

ओरिन : वीतभर. आणि ही तांब्याची गोळी. वेग पुरेसा असला तर आत जाऊन फुलते. नसला तर सुईसारखी आरपार जाते. जागेवर लागली असती तरी तो लगेच पडला असता, असं मी छातीठोक सांगणार नाही.

कॉर्डी : म्हणजे माझा हात हलला नव्हता?

ओरिन : नाही. तू जिथं मारायला सांगितलंस तिथं बंदुकीनं मारलंच नाही.

कॉर्डी : बाबा, तुम्हाला माहीत होतं?

व्हर्न : नळी कापल्याचं माहीत होतं. चकतीचं डोक्यात आलं नाही. तूही ती आखूड बघितलीच होतीस.

कॉर्डी : बघितली होती. मला वाटलं, तुम्ही ओरिनकाकांकडून कापून घेतली, म्हणजे त्यांनी चकतीचंही बघितलं असेल.

ओरिन : आणि मला इकडे पत्ताच नाही.

कॉर्डी : मग आज अचानक कसं आठवलं?

व्हर्न : तू बंदुकीला हात लावेनास, म्हणून गेल्या आठवड्यात कुरणात लोखंडी पाटी लावली, सहाशेवर. चकती फिरवून मारलं. पाटीवर काही नाही, खाली धूळ उडाली. पुन्हा मारलं, पुन्हा तिथंच धूळ.

कॉर्डी : आणि मला घरी सांगता आलं नाही? वर्षभर मी झोपेत तो पाय बघतेय, बाबा. मला वाटत होतं की मी घाई केली. लोकांनी शिकारीला चल म्हटलं की काहीतरी कारण सांगायचे.

व्हर्न : मी सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, बाप समजूत घालतोय.

कॉर्डी : म्हटलंच असतं.

व्हर्न : म्हणून इथं आणलं.

कॉर्डी : तरी दाबलं मीच. त्या एल्कला काय फरक पडतो कुणाचं चुकलं त्यानं?

व्हर्न : त्याला नाही पडत. मला पडतो. यंदा शिकारीच्या परवान्याच्या सोडतीत माझा नंबर लागलाय, माहीत आहे ना?

ओरिन : त्या वरच्या रानाचा? अरे, त्याच्यासाठी लोक म्हातारे होतात.

व्हर्न : मीही झालोच की. काल फाडला तो परवाना.

ओरिन : वेडा आहेस का?

व्हर्न : घरचा नियम आहे. चूक माझी, म्हणजे तो एल्क माझ्या नावावर होता, हिनं चुकून आपला परवाना फाडला.

कॉर्डी : बाबा, किती वर्षं अर्ज करत होतात तुम्ही.

व्हर्न : तुझाही गेलाच ना? माद्यांचे परवाने उरलेत अजून, दुकानात मिळतात. घ्यायचा तर घे, नाही तर राहू दे. ओरिन, नळी सव्वीसच बसव.

ओरिन : मग ती तुझ्या म्यानात मावायची नाही. पुन्हा बाजारात जाशील कापायला.

व्हर्न : बंदूक आता हिची आहे. हिला विचार.

कॉर्डी : मी घोड्यावरून जात नाही, काका. पायी जाते.

ओरिन : बरं. चकती मात्र मी अंदाजानं खोदणार नाही. नळी बसली की दर अंतराला मारून बघावं लागेल, शंभरापासून सहाशेपर्यंत. मग आकडे.

कॉर्डी : पाचशेपर्यंतच खोदा. सहाशे नको.

ओरिन : पाचशे तर पाचशे. कधी येतेस?

कॉर्डी : नळी झाली की कळवा, त्या रविवारी येते. आणि बाबा, गाडी तुम्ही चालवायची. गुडघ्याला काहीही झालेलं नाही तुमच्या.