‘कधीकधी’वर खूण करणारी कर्णधार

माननीय कुलगुरू महोदय, व्यासपीठावरील प्रमुख पाहुणे, सहकारी प्राध्यापक, आणि दारात घोळका करून उभ्या असलेल्या खेळाडूंनो, पुढच्या दोन रांगा रिकाम्या आहेत. आत या.

एकतीस वर्षं मी या विद्यापीठाचा क्रीडा विभाग सांभाळला. आज माझ्याबद्दल बरंच चांगलं बोललं गेलं. निवृत्त होणाऱ्याबद्दल तसं बोलावंच लागतं, म्हणून मी ते फारसं मनावर घेतलेलं नाही.

पाहुण्यांनी आमच्या अहवालाचं कौतुक केलं. खेळणाऱ्या विद्यार्थ्यांची मूल्यं आणि नेतृत्वगुण इतरांपेक्षा सरस, असा त्याचा निष्कर्ष. तो लिहिला मीच. पण कशाच्या आधारावर? आम्ही प्रश्नावली वाटली. ‘मी स्वतःची चूक कबूल करतो’ यापुढे ‘नेहमी’, ‘कधीकधी’ किंवा ‘कधीच नाही’ यावर खूण करायची. खेळाडूंनी धडाधड ‘नेहमी’वर केली. इतकी सज्जन मुलं मैदानावर कुठे लपतात, कोण जाणे!

‘कधीकधी’वर खूण एकटीचीच, व्हॉलीबॉलच्या कर्णधार मुलीची. तिचे गुण सर्वांत कमी भरले. सर्वांत कमी गुणांचा खेळाडू कर्णधार राहू शकत नाही, या नियमावर मी बोट ठेवलं आणि तिचं कर्णधारपद काढलं.

ती ऑफिसात आली. मी म्हटलं, “अगं, जरा विचार करून खूण करायची ना!”

“विचार करूनच केली, मॅडम. फायनलमध्ये समोरच्या संघाचा शेवटचा स्मॅश माझ्या बोटांना लागून बाहेर गेला होता. पंचांना दिसलं नाही, गुण आपल्याला दिला. मी हात वर केला नाही.”

“आणि हे आत्ता सांगतेस?”

“तुम्ही समोरच बसला होतात. मला वाटलं, तुम्हाला दिसलं असेल.”

दिसलं होतं. चेंडू लागला की ज्याचा त्याने हात वर करायचा, हा आपल्या मैदानावरचा शिरस्ता मीच घातलेला. त्या दिवशी मी टाळ्या वाजवत उठले. आणि शिक्षकांच्या प्रश्नावलीत माझीही खूण ‘नेहमी’वरच आहे.

आज दुपारी, अधिकार होता तोवर, दोन पत्रांवर सह्या केल्या. एकाने तिचं कर्णधारपद तिला परत मिळालं. दुसरं त्या फायनलमध्ये हरलेल्या विद्यापीठाला गेलं. कुलगुरू महोदय, तुम्हाला हे आत्ताच कळतंय, याची कल्पना आहे. आधी विचारलं असतं, तर तुम्ही समिती नेमली असती.

टेबलावर त्याच फायनलचा चषक फोटोसाठी मांडला आहे. फोटो त्याच्याशिवाय काढू. कर्णधार, जाताना तो उचल. सकाळी आपण दोघी जाऊन त्या विद्यापीठाला पोचवून येऊ. उद्यापासून मला वेळच वेळ आहे.

सत्काराबद्दल सर्वांची आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर क्षमा करा. अहवालाला मात्र क्षमा नको. तो दुरुस्त करा.